तिनं कुणाकडून खेळावं

आमच्याकडे सकाळच्या चहाला अमेरिकेतली मॅच लागते. तिकडे रात्र असते, इकडे सिंगापुरात, क्लेमेंटीत, आमची पोळीभाजीची घाई. मुलगा घरून काम करत असला की लॅपटॉपच्या अर्ध्या पडद्यावर ऑफिस आणि अर्ध्यावर बास्केटबॉल. मी समोर कोथिंबीर निवडत बसते. बसून बसून मलाही कळायला लागलं. पास कुणी उशिरा दिला, कोण उगाच लांबून बॉल टाकतोय, हे आता मी मुलाच्या आधी बोलते आणि सून हसते.

पण वर्षातले काही आठवडे असे येतात की मॅच नसतात, नुसती बडबड असते. मोठ्या खेळाडूंचे करार संपलेले असतात आणि कोण कुठल्या शहराच्या टीमकडे सही करणार यावर दिवसभर चर्चा चालते. त्याला फ्री एजन्सी म्हणतात. म्हणजे माणूस मोकळा, मनाला येईल तिकडे जाईल. ऐकायला किती छान वाटतं. प्रत्यक्षात ती चर्चा ऐकवत नाही हो. त्या माणसाचे गुडघे किती टिकतील, वजन किती वाढलंय, बायकोला थंडीचं गाव मानवेल का, सगळं काढतात. खाटकाच्या दुकानात मांडी दाबून बघावी तसं.

त्या वर्षी असाच एक फार मोठा खेळाडू मोकळा झाला होता. एका रविवारी मुलाच्या ओळखीचे एक मॅनेजर आमच्याकडे जेवायला आले. पुण्याचे, जुरोंग ईस्टला कॉन्डोत, म्हणजे इथल्या महागड्या खाजगी सोसायटीत राहणारे, हुद्दा मोठा. हौस म्हणून बायकांची एक बास्केटबॉल टीम चालवायचे. जेवताना ते आणि माझा मुलगा त्या खेळाडूनं कुठं जावं यावर असे भांडत होते, जसा तो यांच्याच परवानगीसाठी थांबलाय.

मॅनेजर मला म्हणाले, "काकू, त्यानं पैसे बघूच नयेत. कल्चर बघावं. टीमचं कल्चर चांगलं असेल तिथंच माणूस फुलतो."

मी त्यांना वांग्याची भाजी वाढली आणि विचारलं, त्याचं मत कुणी घेतलंय का. सगळे हसले. भाजी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली आणि असं वांगं पुण्यातही मिळत नाही म्हणाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या घरात, आमच्या ताटात, आमच्या हातचं जेवले ते.

तेवढ्यात आमच्याकडे राहणारी पोरगी आतून आली. अमरावतीकडची. इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, पाणी स्वच्छ करायच्या कसल्याशा जाळीवर तिचं काम. आमच्यासारखीच बौद्ध घरातली, नात्यातल्या कुणाच्या ओळखीनं आमच्याकडे छोट्या खोलीत आली आणि पहिल्याच आठवड्यात मला आजी म्हणायला लागली. उंच म्हणजे किती, तर आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे ती टाचा न उचलता काढते. गावाकडं शाळेच्या मातीच्या मैदानावर खेळायला शिकली, मग कॉलेजकडून, मग विद्यापीठाकडून. इथं आल्यावर विद्यार्थिनींच्या एका टीमकडून खेळायची. आमच्या ब्लॉकखालच्या कोर्टावर संध्याकाळी तिचा सराव चालायचा तेव्हा चिनी पोरंसुद्धा आपला बॉल धरून बघत उभी राहायची.

तिच्या टीममधल्या बहुतेक मुली शिकून आपापल्या देशी गेल्या आणि टीम मोडली. इथल्या लीगचा नियम असा की एकदा एका टीमकडून नाव लागलं की सीझन संपेपर्यंत दुसरीकडे खेळता येत नाही. पुढच्या वर्षी तिचा प्रबंध संपणार, नोकरी कुठल्या देशात लागेल कोण जाणे. म्हणजे हा एकच सीझन हातात उरलेला. तिला तो नीट खेळायचा होता, बाकावर बसून नाही. एवढंच तिचं मागणं होतं.

मुलगा चेष्टेनं म्हणाला, "ही बघा, आमच्या घरातली फ्री एजंट."

मॅनेजरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग जे सुरू झालं ते मघाच्यासारखंच, फक्त माणूस अमेरिकेतला नव्हता, समोर ओल्या केसांनी उभा होता. हात पसर बघू. उजव्या हाताची की डाव्या? गुडघ्याला कधी लागलंय? इतक्या वर्षांच्या संसारात मी मुली दाखवायचे कार्यक्रम पुष्कळ पाहिले, माझा स्वतःचाही झाला. चालून दाखव, म्हणाले होते मला. ती पोरगी मात्र हसत होती, कारण तिला खेळायचं होतं.

मॅनेजरांची टीम चांगली होती, त्यात वाद नाही. लाकडी फरशीचं बंद कोर्ट, पगारी कोच, मागच्या खेपेला फायनलपर्यंत गेलेली. आणि त्यांनी वरून आणखी एक गोष्ट पुढं केली. त्यांच्या कॉन्डोतली एक खोली रिकामी आहे, ती तिनं घ्यावी, कोर्ट तिथून पायी जाण्यासारखं आहे. आमच्या सुनेला दिवस गेलेले होते. पोरीला आम्ही जा म्हटलं नव्हतं, कधी म्हटलंही नसतं, पण तिला स्वतःलाच वाटायचं की आपण अडचण होऊ. तिचे डोळे चमकले. मॅनेजर म्हणाले, पुढच्या रविवारी खोली बघायला या, काकूंनाही आणा, जेवायलाच या.

दुसरी एक टीम होती, तिचंही सांगते. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमधल्या बायकांची. त्यांची कोच म्हणजे एक चिनी बाई, माझ्याहून थोडी लहान असेल, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली. पोरगी तिला आंटी म्हणायची. त्या आंटीनं हिला एकदा खेळताना पाहिलं आणि एवढंच विचारलं, की मंगळवारी आणि शुक्रवारी येशील का आणि उशीर करतेस का. त्यांच्या टीममध्ये निम्म्या बायका पोरंबाळं असलेल्या, एकीला तर नातू. कोर्ट उघड्यावर, पाऊस आला की सराव बंद. ही टीम जिंकत नसे. पोरीनं त्यांना गोड बोलून थांबवून ठेवलं होतं. मीही म्हटलं, तुला जुरोंगच बरं. खोटं कशाला बोलू, मलाही ती फायनलला खेळताना बघायची होती.

रविवारी आम्ही दोघी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जुरोंग ईस्टला गेलो. माझ्या पिशवीत लसणाची चटणी, रिकाम्या हातानं कसं जायचं. मॅनेजरांच्या बायकोनं दारातच माझे हात हातात घेतले. घर लखलखीत. खोली सुरेख, खिडकीतून झाडं दिसत होती. पोरीनं पलंगावर बसून बघितलं, पाय बाहेर येत नाहीत ना ते. आम्ही हसलो. मग त्या वहिनी म्हणाल्या, स्वयंपाकघर आपलं एकच, तू तुझं करून घेत जा, मी काही परकं मानत नाही. ओट्यावर एक स्टीलचा डबा भरून ठेवलेला होता, त्यात पुरणपोळ्या. म्हणाल्या, काकू, हा तुमच्या सुनेसाठी, डोहाळे असतील तिला.

जेवायला बसलो आणि विचारपूस सुरू झाली. आता हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही मराठी आहात, तुम्हाला ठाऊक आहे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. पोरीचंही तसंच. आमच्या हॉलमध्ये टीव्ही आणि घड्याळ सोडलं तर भिंतीवर काही नाही, वंदनेची जागा आतल्या खोलीत आहे. त्यामुळे या लोकांना आमचा पत्ता लागलेला नव्हता आणि लागल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. सरळ कुणी विचारत नाही. गाव कुठलं, तिथं मग अमुक देशपांडे-देशमुखांपैकी कुणाला ओळखता का, वडील काय करतात, त्यांचे वडील काय करायचे. डॉक्टर नाडी बघतो तसं एकेक बोट ठेवत जायचं. मी वरणभात नुसताच कालवत होते, कारण पुढं काय येणार ते मला दिसत होतं. समुद्र ओलांडला, पासपोर्ट बदलायला निघाले, पोरांच्या तोंडी इथल्यासारखं वाक्याशेवटी ला-ला आलं, तरी ही नाडी बघायची सवय मात्र सामानात नीट घडी घालून आणलेली.

शेवटी वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा असतात गं? उभ्याच्या की खड्यांच्या?"

पोरगी म्हणाली, "आमच्याकडे गौरी नसतात, काकू. आम्ही बौद्ध. घरी बुद्धवंदना असते."

किती साधं बोलली. मीठ द्या म्हणावं तसं.

वहिनी म्हणाल्या, "अगं छानच की. आम्ही सगळंच मानतो." मॅनेजरांनी मान डोलावली आणि फोन पाहिला. मग वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आम्हीसुद्धा. त्यांनी पुन्हा छान म्हटलं. एवढ्यात दोनदा छान कुणी म्हणत नाही.

वाईट कुणी एक शब्द बोललं नाही. आग्रह झाला, ताक आलं. फक्त खोलीचा विषय कुठल्या कुठं गेला, आणि जरा वेळानं वहिनींना आठवलं की अरे हो, सासूबाई यायच्या आहेत, बहुतेक लांबणार आहेत, तर खोलीचं जरा बघावं लागेल. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आईचा हा दौरा त्यांनाही आत्ताच कळतोय.

निघताना मी हात धुवायला स्वयंपाकघराकडं वळले. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. स्टीलच्या डब्यातल्या पुरणपोळ्या काढून त्या हॉकर सेंटरवाले, म्हणजे इथले खाण्याच्या टपऱ्यांवाले, देतात तसल्या प्लास्टिकच्या खोक्यात भरत होत्या. वापरून टाकून द्यायच्या खोक्यात. मला बघून दचकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला परत करायची तसदी नको, काकू."

बायकांना डब्याचं शास्त्र समजावून सांगावं लागत नाही. डबा देतो तो परत येण्यासाठी. रिकामा परत येत नाही, कुणाच्या घरून लोणचं येतं, कुणाच्या घरून चार करंज्या, आणि त्यातून येणंजाणं राहतं. परदेशात तर माणसांचं सगळं नातं त्या डब्यांवर चालतं. तासाभरापूर्वी माझ्या सुनेसाठी भरलेला डबा आता वहिनींना माझ्या घरात जायला नको होता. आमच्या ओट्यावर ठेवलेला, आमच्या घासणीनं घासलेला डबा पुन्हा आपल्या मांडणीत नको. मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय, लहानपणी तर लोक तोंडावर बोलायचे. पण त्या गोड आवाजातल्या तसदीनं मला जी शिसारी आली तशी कधी आली नव्हती. माझी लसणाची चटणी मात्र ओट्याच्या कोपऱ्यात, झाकण न काढलेली, तशीच होती. मी ती उचलून पिशवीत टाकली. हो, टाकली, लाज नाही वाटली.

स्टेशनच्या बाहेर बसलो. ते खोकं माझ्या मांडीवर. मी पोरीला म्हटलं, हे मी घरी नेणार नाही, कचऱ्यात टाक. तिनं खोकं उघडलं, एक पोळी गुंडाळली आणि खायला लागली.

म्हणाली, "पुरणपोळीनं काय केलंय, आजी?"

आणि तिनं दोन खाल्ल्या. मी बघतच राहिले. मग तिनं तोंड पुसलं. तिचे पाय हलत होते, ती विचार करते तेव्हा हलतात तसे.

दोन दिवसांनी मॅनेजरांचा मेसेज आला. टीम यंदा भरली, सॉरी, नेक्स्ट सीझनला नक्की. तिला नेक्स्ट सीझन नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

मुलगा चिडला, पण त्याचं चिडणं ऑफिसातल्यासारखं, आतल्या आत. मी त्याला म्हटलं, तू त्यांना विचार. तो म्हणाला, काय विचारू आई, ते म्हणतील टीम भरली, आणि वर म्हणतील तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत तेच बघता. बरोबर होतं त्याचं. पुरावा काय, तर एक प्लास्टिकचं खोकं.

नावं द्यायची मुदत संपत आली तशी पोरगी क्वीन्सटाउनच्या बायकांबरोबर सरावाला जायला लागली. सही अजून केली नव्हती. आणि मुदतीच्या आधल्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर स्वतः आमच्या दारात. त्यांच्या टीममधल्या मुख्य मुलीचा घोटा मुरगळला होता, दोन महिने पाय टेकायचा नाही. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला, नंतर तसाच टीपॉयवर ठेवला. आता तहान नसेल माणसाला. पण मी ते पाहिलं, आणि आता मी सगळंच पाहते, हा त्यांनी मला लावलेला रोग.

बोलले मात्र फार गोड. टीममध्ये जागा झाली आहे, ती पहिल्या पाचात खेळेल, कोचला तीच हवी आहे, फायनल नक्की. खोलीचं काय ते बायकांचं, त्यात आपण नको पडायला. मुलानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तो तिला हळूच म्हणाला की तुझा एकच सीझन आहे, त्यांचं घर नको, त्यांचं कोर्ट घे, तुझा फायदा बघ. तो चुकीचं बोलत नव्हता. ती लाकडी फरशी, ती फायनल, तिला किती हवी होती ते आम्ही दोघांनी पाहिलेलं होतं. मीसुद्धा क्षणभर म्हटलं मनात, घे बाई, घे, आणि लगेच स्वतःचीच किळस आली.

मॅनेजरांनी आणखी जोर लावला. म्हणाले, "हे बघ, तुझ्या बॅकग्राउंडचा आम्हाला काहीही प्रॉब्लेम नाही."

सून आतून दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून.

पोरगी म्हणाली, "मला आहे, सर. तुमच्या बॅकग्राउंडचा."

मॅनेजर हसायला गेले, जमलं नाही. मुलाकडं वळून म्हणाले, अरे ही भलत्याच अर्थानं घेते आहे, तू समजाव. मुलानं बूट ठेवायच्या कपाटाकडं हात केला, त्यांचे बूट तिथं होते. माझा मुलगा भांडखोर नाही, पण तो हात मला फार आवडला. ते गेले. जिन्याशी लिफ्टची वाट बघत उभे होते तोवर आमचं दार उघडं होतं, आणि मला वाटत होतं की जावं आणि डब्याचं बोलावं, एकदा तरी मोठ्यानं बोलावं. नाही गेले. काय म्हणणार होते मी, की तुमच्या बायकोनं आम्हाला स्टील दिलं नाही? कुणाला सांगायला गेलं की किती क्षुल्लक वाटतं ते. तिथंच तर या लोकांची हुशारी आहे.

तिनं क्वीन्सटाउनकडून सही केली. मी तुम्हाला सांगणार नाही की त्या बायका मग सगळ्यांना हरवत सुटल्या. पहिली मॅच बघायला मी गेले होते, पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आमच्या बायका धापा टाकत होत्या, समोरच्या पोरी विशीतल्या. आमची पोरगी एकटी इकडून तिकडे, बास्केटवर बास्केट टाकते आहे, आणि तरी फळ्यावरचा आकडा वाढतोय तो त्यांचाच. सपाटून हरलो. बाजूला एक मराठी जोडपं बसलं होतं. त्यातली बाई तिच्याकडं बोट करून नवऱ्याला म्हणाली, ही आपल्यातली दिसते. मग माझ्याकडं वळून विचारलं, गाव कुठलं हो हिचं? मी उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. बिचारी कदाचित नुसतंच विचारत असेल. माझा आता कुणावर विश्वास बसत नाही, आणि याचाही मला राग येतो.

मॅच संपल्यावर चिनी आंटीनं सगळ्यांना गोल करून उभं केलं आणि झापलं. नातवाच्या आजीला झापलं, दोन पोरांच्या आईला झापलं. मग हिच्याकडं वळली. तुला वाटतं तू एकटी जिंकवशील? पास उशिरा देतेस, दिलास तर रागानं देतेस, बाकीच्या काय खांब आहेत का, असं सगळं तिच्या इंग्रजीत, प्रत्येक वाक्याला ला लावून. शुक्रवारी अर्धा तास आधी ये, नुसते पासच करायचे, म्हणाली.

पोरगी मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, रडते की काय. जवळ गेले तर घामानं निथळलेली, चेहरा लालबुंद, आणि मला म्हणते, "आजी, पास खरंच उशिरा जात होता का?"

मी म्हटलं, हो. पहिल्यापासून.